बेळगावला कधी यावं: गणपतीत की शिवजयंतीच्या चित्ररथांना?

पुण्याला, कोल्हापूरला नाहीतर गोव्याला असलेल्या पाहुण्यांचा फोन दरवर्षी येतो. रजा एकदाच मिळणार असते, पोरांना बेळगाव दाखवायचं असतं, आणि प्रश्न ठरलेला असतो: गणपतीत येऊ की शिवजयंतीला? बेळगावकराचं उत्तरही ठरलेलं. "दोन्हीला या की ओ!" आग्रह अगदी मनापासूनचा असतो, पण रजेचा अर्ज भरणाऱ्याला त्याचा उपयोग होत नाही.

म्हणून माझं मत आधीच सांगून टाकते. एकदाच यायचं असेल आणि रात्रभर जागायची तयारी असेल, तर चित्ररथांच्या रात्रीला या. बरोबर सासू-सासरे, आई-वडील किंवा कडेवरचं मूल असेल, तर गणपतीत या, आणि तेही विसर्जनाला नको, मधल्या दिवसांत. हे दोन्ही सोहळे मी लहानपणापासून बघत आलेय आणि दोन्ही मला प्रिय आहेत. पण दोन्हीकडे माणसं वेगळी वागतात, दमणूक वेगळी होते, आणि घरी नेण्यासारखं जे मिळतं तेही वेगळं असतं.

आधी तारखा नीट समजून घ्या

शिवजयंतीला येणारे पाहुणे हमखास तारखेत चुकतात. महाराष्ट्र शासनाची शिवजयंती १९ फेब्रुवारीला असते. तिथीने करणारे बरेच जण फाल्गुन वद्य तृतीया धरतात. बेळगावात मात्र जुन्या परंपरेप्रमाणे वैशाख शुद्ध द्वितीयेला, म्हणजे अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी शिवजयंती होते. महाराजांचं जन्मसाल १६२७ की १६३० हा वाद इतिहासकारांत बरीच वर्षं चालला. १६२७ मानणाऱ्यांची तिथी वैशाखातली होती आणि बेळगावने ती धरून ठेवली. इंग्रजी महिन्यांत सांगायचं तर एप्रिलचा उत्तरार्ध किंवा मेचा पूर्वार्ध.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. चित्ररथांची मिरवणूक जयंतीच्याच दिवशी नसते. जयंतीला पहाटेपासून शिवज्योती येतात. पोरं पन्हाळ्याहून, पारगडाहून, जवळच्या राजहंसगडाहून हातात मशाल घेऊन धावत येतात, शिवाजी उद्यानात पूजा होते, घराघरांत पाळणा म्हटला जातो. मिरवणूक त्यानंतर, सहसा एक-दोन दिवसांनी निघते. निवडणूक वगैरे आली तर आणखी मागे-पुढे होते. तेव्हा कॅलेंडर बघून तिकीट काढू नका. गल्लीतल्या कुणाला तरी फोन करा आणि "मिरवणूक कधी?" एवढंच विचारा.

गणपतीच्या बाबतीत हा गोंधळ नाही. चतुर्थी ते अनंत चतुर्दशी, सगळीकडे असतं तेच. ऑगस्टची अखेर ते सप्टेंबरचा मध्य, अधिक महिना आला तर जरा पुढे. प्रश्न एवढाच की त्या दिवसांपैकी नेमक्या कुठल्या दिवशी यायचं, आणि त्यावर मी पुढे बरंच बोलणार आहे.

चित्ररथ: गल्लीतली पोरं इतिहास उभा करतात

ज्याने हे पाहिलं नाही त्याला वाटतं, चित्ररथ म्हणजे ट्रॉलीवर पुठ्ठ्याचा किल्ला आणि त्यापुढे उभी राहिलेली वेषभूषेतली मुलं. बेळगावचा चित्ररथ तसा गप्प नसतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर, कधी दोन-तीन ट्रॉल्या जोडून, अख्खा प्रसंग वठवला जातो: अफझलखानाचा वध, आग्र्याहून सुटका, पावनखिंड, सिंहगड, राज्याभिषेक. संवाद आणि पार्श्वसंगीत आधी ध्वनिमुद्रित केलेलं असतं, ते कर्ण्यांतून वाजतं आणि पोरं त्यावर अभिनय करतात. चौक आला की रथ थांबतो, प्रकाशझोत पडतो, प्रसंग सुरू होतो. संपला की टाळ्या, "जय भवानी, जय शिवाजी", आणि रथ पुढच्या चौकाकडे.

यातले कलाकार कोण असतात हे कळलं की बघण्याची नजरच बदलते. दिवसा फाउंड्रीत काम करणारा, मार्केट यार्डात हमाली करणारा, बारावीचा निकाल अजून न लागलेला, बँकेत कॅशियर असलेला, सगळे त्याच गल्लीचे. महिनाभर आधीपासून रात्री जेवणं झाली की गल्लीत तालीम चालते. मावळे कमी पडले तर शेजारच्या गल्लीतून उसने आणतात. जिजाऊंच्या भूमिकेसाठी मुलगी मिळवायला एके काळी घरोघरी विनवण्या कराव्या लागत. आता मुलीच पुढे येतात, रथावरही आणि रथापुढच्या झांजपथकातही.

कधीतरी एका रथाजवळ उभं राहून प्रसंग संपल्यावरची पाच मिनिटं बघा. बाजीप्रभू घोडखिंडीत पडलेला असतो. टाळ्या थांबतात, दिवा मालवतो, आणि तोच बाजीप्रभू उठून बसतो. दाढीची एक कड सुटलेली असते, ती तो अंगठ्याने दाबून धरतो. खालून आई किंवा बहीण पाण्याची बाटली वर देते. दोन घोट घेतो, ओला टॉवेल मानेवर फिरवतो, दोन्ही हातांत पुन्हा पट्टे घेतो. पुढच्या चौकात त्याला पुन्हा लढायचं असतं, पुन्हा पडायचं असतं. पहाटेपर्यंत किती वेळा, त्याची मोजदाद कुणी करत नाही. आणि शेवटच्या चौकात, जिथे बघायला फार कमी माणसं उरलेली असतात, तिथेही तो तितक्याच जोरात पडतो. मला चित्ररथ आवडतात ते यासाठी. या पोरांना कुणी पैसे देत नाही. बक्षीस मिळालं तर मंडळाला मिळतं.

त्याच रथाच्या माथ्यावर आणखी एक जण बसलेला असतो, त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. त्याच्या हातात लांब वाळलेला बांबू असतो. रस्त्यावर लोंबणाऱ्या केबल आणि टेलिफोनच्या तारा त्या बांबूने उचलून धरायच्या, गडाचा बुरूज खालून अलगद जाऊ द्यायचा, हे त्याचं रात्रभराचं काम. अंगावर ना जिरेटोप, ना तलवार. पण तो चुकला तर गड कोसळतो. तुमच्या मुलांना तो दाखवा.

मिरवणूक नरगुंदकर भावे चौकातून निघते, मारुती गल्ली, हुतात्मा चौक, रामदेव गल्ली, समादेवी गल्ली, कॉलेज रोड, धर्मवीर संभाजी चौक, रामलिंगखिंड गल्ली, टिळक चौक असं वळसा घेत कपिलेश्वर उड्डाणपुलाच्या दिशेने जाते. संध्याकाळी पालखीपूजन होऊन आरंभ होतो, पण त्या वेळी येऊन उपयोग नाही. आधी भाषणं, पाहुणे, हार. खरा रंग रात्री दहानंतर चढतो, आणि मध्यरात्रीच्या सुमाराला रथांची रांग लागते. जे बाहेरगावचे साडेनऊला येऊन अकराला "काही विशेष नाही" म्हणत परततात, त्यांच्याबद्दल मला खरोखर वाईट वाटतं. त्यांनी बघायचं तेवढं चुकवलेलं असतं.

त्रुटी सांगायलाच हव्यात. दोन रथांमध्ये कधी कधी अर्धा-पाऊण तास काहीच येत नाही. पुढचा रथ एका चौकात अडकला की मागचे सगळे तटतात. मग मधल्या वेळात कुठल्यातरी मंडळाचा डॉल्बी कानठळ्या बसवतो. गेल्या काही वर्षांत असा आवाज वाढलाय आणि काही मंडळांनी प्रसंगच बंद करून नुसती मूर्ती आणि लाईट आणायला सुरुवात केलीय, याचं मला दुःख आहे. आवाज आणि लाईट कुठूनही भाड्याने आणता येतात, पण महिनाभराची तालीम त्याच गल्लीत करावी लागते. म्हणून पाहुण्यांना माझी विनंती: ज्या मंडळाने सजीव प्रसंग केलाय, त्याच्यासाठी मनापासून टाळ्या वाजवा. कोण कशाला दाद देतंय हे पोरांना रथावरून दिसतं, आणि पुढच्या वर्षीचं त्यावरच ठरतं.

आणि हवामान. वैशाखातलं दुपारचं ऊन सोसण्यासारखं असतं, बेळगाव त्या मानाने थंडच. भीती असते वळिवाची. ऐन संध्याकाळी ढग भरून येतात, वारा सुटतो, आणि पुठ्ठ्याचा, कापडाचा, रंगवलेल्या थर्माकोलचा गड भिजायला पंधरा मिनिटं पुरतात. पाऊस थांबल्यावर पोरं तो गड पुन्हा उभा करतात, पण कार्यक्रम दोन-तीन तास लांबतो. तुमची परतीची गाडी पहाटेची असेल तर हा धोका धरूनच ठरवा.

गणपती: आपल्याला चालायचं असतं

चित्ररथ बसून बघायचे, गणपती चालून. सोय-गैरसोयीचा बराचसा फरक एवढ्यातच आला.

बेळगावचा सार्वजनिक गणेशोत्सव लोकमान्य टिळकांच्या प्रेरणेने १९०५ साली झेंडा चौकात सुरू झाला. आज शहरात गल्लीगणिक मंडप असतो. गणपत गल्ली, मारुती गल्लीपासून सुरुवात करून कडोलकर गल्ली, भांदूर गल्ली, पाटील गल्ली, चव्हाट गल्ली असं पायी फिरायचं. ज्यांच्या पायात बळ आहे त्यांनी दुसऱ्या रात्री शहापूर, खासबाग, वडगावकडे जायचं, तिसऱ्या रात्री टिळकवाडी आणि अनगोळ. एका रात्रीत सगळं होत नाही आणि करूही नये.

इथली मोठी सोय म्हणजे बघणं तुमच्या हातात असतं. आईचे गुडघे दुखायला लागले, थांबलो. पोर पेंगुळलं, रिक्षा करून घरी. भूक लागली, एखाद्या गाड्यावर गरम मिरची भजी आणि चहा घेतला. चित्ररथांच्या रात्री एकदा जागा धरली की उठता येत नाही. उठलात की जागा गेली, आणि बाहेर पडायलाही रस्ता मिळत नाही. म्हणूनच वयस्कर माणसं बरोबर असतील तर गणपती, यात मला शंका नाही.

आता कुठले दिवस? पहिला दिवस घरच्या गणपतीचा. यजमानाच्या घरी पूजा, नैवेद्य, आरत्या आणि दारातून येणारी-जाणारी माणसं. त्या दिवशी बाहेरचे मंडप पुरते तयारही नसतात. दुसऱ्या दिवशी इकडे बऱ्याच घरांत उंदरी असते. महाराष्ट्राच्या इतर भागांतून येणाऱ्यांना हे ऐकून धक्का बसतो, पण गणपतीच्या दुसऱ्या दिवशी मटणाचा बेत करणं ही बेळगाव-खानापूरकडची जुनी रीत आहे. तुम्ही शाकाहारी असाल तर आधी सांगा, वेगळं ताट होतं, कुणी वाईट मानत नाही. मग गौरी येतात, घरातल्या बायकांना बसायला सवड नसते. गौरी-गणपती गेले, घर मोकळं झालं, की मग शहर देखावे बघायला बाहेर पडतं. सहाव्या-सातव्या दिवसापासून अनंत चतुर्दशीच्या आदल्या रात्रीपर्यंतचा काळ सगळ्यात चांगला. त्यातही शनिवार-रविवार टाळता आला तर टाळा. चंदगड, खानापूर, हुक्केरीकडची गावंच्या गावं टेम्पो करून येतात आणि गल्लीत पाऊल ठेवायला जागा राहत नाही. मधल्या वारी रात्री नऊला निघा, साडेबारापर्यंत आरामात पाच-सहा गल्ल्या होतात.

देखाव्यांबद्दल मात्र मी फार कौतुक करणार नाही. माझ्या लहानपणी हलते देखावे पुष्कळ असत. मोटर, पट्टा, दोरी, चाकं यांच्या जिवावर कालियामर्दन व्हायचं, कंस मान हलवायचा, आणि मागे पडद्याआड कुणीतरी घामाघूम झालेला असायचा. आता मूर्ती उंच होत गेली, मंडप एखाद्या प्रसिद्ध देवळाचा नाहीतर राजवाड्याचा, आणि मधे एलईडीचा पडदा. बघायला छान दिसतं, पण दोन मिनिटांत बघून होतं. अजूनही काही गल्ल्या हलता किंवा सजीव देखावा करतात. त्या कुठल्या, ते यंदाचं यंदा बदलतं, म्हणून यजमानाच्या घरातल्या कॉलेजातल्या पोराला विचारा. त्याच्या मोबाईलवर सगळ्यांचे व्हिडिओ आलेले असतात आणि त्याचं मत बहुतेक वेळा बरोबर असतं.

मूर्ती बघायची असेल तर गोष्ट वेगळी. बेळगावच्या मूर्तिकारांच्या हाताला डोळे आणि सोंड यांची विलक्षण जाण आहे. चव्हाट गल्लीचा 'बेळगावचा राजा' बघायला रांग लागते, ती समजण्यासारखी आहे. पण एखाद्या लहान गल्लीतली, गर्दी नसलेली, तीन-चार फुटांची शाडूची मूर्ती समोर बसून निवांत बघा. मला स्वतःला त्यात जास्त आनंद मिळतो.

विसर्जन मिरवणूक

बरेच जण म्हणतात, देखावे नकोत, थेट अनंत चतुर्दशीला येतो. माझा सल्ला: मुलांना घेऊन नको. हुतात्मा चौकातून निघालेली मिरवणूक कपिलेश्वर तलावावर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत, कधी त्याहून पुढेही चालते. गुलाल, ढोल, डॉल्बी, नाच. तरुण पोरांच्या टोळक्याला यात मजा येते आणि त्यांनी जरूर यावं. बघणाऱ्याला मात्र तासन्‌तास तेच. तलावाकाठी क्रेनने मूर्ती उचलून पाण्यात सोडतात तो क्षण डोळ्यांत पाणी आणतो, पण त्यासाठी सकाळी सहा-सातला कपिलेश्वर मंदिराच्या बाजूला जावं. तेव्हा गर्दी पांगलेली असते आणि मोठ्या मूर्ती रांगेत उभ्या असतात.

गर्दीतली माणसं

सोहळा कुठलाही असो, माझं निम्मं लक्ष बघणाऱ्यांकडे असतं, आणि दोन्ही गर्द्यांचा स्वभाव मला अगदी वेगळा वाटतो.

गणपतीची गर्दी घाईत असते. प्रत्येक कुटुंबाचा एक म्होरक्या असतो, बहुधा काका. तो पुढे चालतो आणि दर पाच मिनिटांनी मागे वळून "आले काय सगळे?" म्हणून डोकी मोजतो. मंडपात शिरलं की हात जोडून होत नाहीत तोवर मोबाईल वर जातो. मागच्याला मूर्तीऐवजी पंधरा-वीस स्क्रीन दिसतात. स्वयंसेवक "पुढे चला, पुढे चला" करत असतो आणि बाहेर पडल्यावर पुढच्या गल्लीत जाताना मतं सुरू होतात. गेल्या वर्षीचा चांगला होता. आमच्या गल्लीचा यापेक्षा उंच आहे. या गप्पा मला फार आवडतात. गणपती बघण्याचा निम्मा आनंद या चालता चालता केलेल्या तुलनेत असतो, आणि घरातली न बोलणारी माणसंही त्या रात्री बोलतात. आमच्या घरात वर्षभर जावा-जावांचं धड बोलणं होत नाही, पण पाटील गल्लीपासून चव्हाट गल्लीपर्यंत दोघी हातात हात धरून चालतात, कारण गर्दीत चुकायची भीती असते.

चित्ररथांची गर्दी बसलेली असते, म्हणून ती ओळखीची होते. संध्याकाळी सातपासून रामदेव गल्ली, समादेवी गल्लीच्या दुकानांच्या पायऱ्यांवर पोती, चटया, प्लॅस्टिकचे कागद पडतात. जो आधी येईल त्याची पायरी. नऊपर्यंत शेजारच्याशी जागेवरून कुरबूर होते. "सरकून घ्या की ओ मावशी." "आणि कुठं सरकू? बघुलालेय काय, भिंत लागली की!" अकराला त्याच मावशी डबा उघडून चकली पुढे करतात. एकला त्यांचा नातू तुमच्या मांडीवर झोपलेला असतो. रात्रभर एकत्र जागलं की माणसांना परकेपण धरून ठेवता येत नाही, असा माझा अनुभव आहे. रस्त्यालगतच्या घरांची दारं उघडी असतात. अनोळखी माणसाला पाणी देतात, म्हातारीला खुर्ची देतात, बायकांना घरातलं न्हाणीघर वापरू देतात.

शेवटचा मुद्दा बायकांसाठी फार मोलाचा आहे. मिरवणुकीच्या मार्गावर बायकांसाठी स्वच्छतागृहाची सोय पुरेशी नाही. आठ-नऊ तास बसायचं तर हा विचार आधी करावा लागतो. म्हणून चित्ररथांना येताना मार्गावर किंवा मार्गाजवळ ओळखीचं घर असणं ही मी जवळजवळ अट मानते. ओळखीचं घर नसेल तर चन्नम्मा चौक, कॉलेज रोडच्या आसपासच्या एखाद्या लॉजमध्ये खोली घ्या आणि जागाही तिथेच जवळ धरा.

गर्दीतली दुसरी बाजूही आहे. दोन्हीकडे पुढे घुसणारी, बॅरिकेडवर चढणारी पोरं असतात. लहान मुलाला खांद्यावर घेऊन मागच्यांचं दिसणं बंद करणारे बाप असतात. रथावरच्या प्रसंगाच्या मधोमध मोठ्याने फोनवर "मी इथंच आहे, हात वर करतोय बघ" म्हणणारे असतात. या सगळ्यात मला सर्वांत खटकतं ते पूर्ण प्रसंग मोबाईलच्या स्क्रीनमधून बघणं. पोरगा समोर जीव तोडून लढतोय आणि आपण त्याच्याऐवजी फ्रेम जुळवतोय. एक फोटो काढा, मग फोन खिशात ठेवा. तुमच्या व्हिडिओपेक्षा चांगला व्हिडिओ मंडळाचीच पोरं सकाळपर्यंत टाकतात.

भाषा, पैसा, पोट

तुमच्या घरात सून किंवा जावई बेंगळुरूचा, मराठी न कळणारा असेल, तर? मला वाटतं चित्ररथच. संवाद मराठीत असतात, पण वाघनखं काढणारा हात कळायला भाषा लागत नाही, आणि शेजारी बसलेलं कुणी ना कुणी कन्नडमध्ये समजावून सांगतंच. इथल्या पायरीवर मराठी, कन्नड, उर्दू तिन्ही शेजारी बसतात आणि एकाच वेळी टाळ्या वाजवतात. गणपतीच्या देखाव्यात हा प्रश्न फारसा येत नाही, पुराणातली गोष्ट सगळ्यांना पाठ असते.

दोन्ही फुकट आहेत. खर्च होतो तो राहण्या-खाण्यावर आणि पोरांच्या पिपाण्या-फुग्यांवर. गणपतीच्या दिवसांत खाणं रस्तोरस्ती मिळतं. चित्ररथांच्या रात्री मार्गावरची हॉटेलं लवकर बंद होतात किंवा त्यांच्यापर्यंत पोहोचता येत नाही, तेव्हा डबा घरूनच न्या. दशम्या, शेंगा चटणी, चुरमुऱ्याचा चिवडा, थर्मासमध्ये चहा. कुंदा, म्हणजे इथली दुधाची मिठाई, परतीच्या दिवशी घ्या, रात्रीच्या गर्दीत हातात डबे घेऊन बसू नका.

गाडीने येणार असाल तर दोन्ही वेळा एकच नियम: गाडी शहराच्या मध्यभागी आणू नका. टिळकवाडीत, हिंदवाडीत कुणाच्या दारात लावा आणि चालत या. पाच वाजल्यानंतर मध्यवस्तीतले रस्ते बंद व्हायला लागतात, आणि एकदा गाडी अडकली की ती सकाळीच सुटते.

कुणी कधी यावं

दहा ते पंधरा वयाची मुलं असतील तर चित्ररथ, दुसरा विचारही करू नका. या वयात पुस्तकातला आग्रा आणि डोळ्यांसमोरचा पेटारा एकत्र येतात, आणि मूल घरी जाऊन पहिलं काम करतं ते लाकडी पट्टीची तलवार. शाळेला सुट्टी लागलेली असते, हाही फायदाच. पाच वर्षांच्या आतल्या मुलांना मात्र कर्ण्यांचा आवाज झेपत नाही, दुसऱ्या रथालाच रडू येतं. त्यांच्यासाठी मधल्या वारची गणपतीची संध्याकाळ, सात ते नऊ.

नवीन लग्न झालेलं जोडपं असेल तर गणपतीत या. घरोघरी बोलावणं होईल, सगळ्यांची ओळख होईल आणि रात्री दोघांना फिरायलाही मिळेल. कॉलेजातली पोरं-पोरी कधीही येवोत, त्यांना काही सांगावं लागत नाही.

गुडघ्याचं दुखणं असलेल्या आजी-आजोबांना चित्ररथ बघायचेच असतील तर एक मधला मार्ग आहे. मार्गावर ज्यांचं माडीचं घर आहे अशा ओळखीच्यांकडे आधीच शब्द टाका. गॅलरीत खुर्ची टाकून रात्रभर बघता येतं, झोप आली तर आत आडवं होता येतं. मात्र हे दोन-तीन आठवडे आधी सांगावं, कारण त्या गॅलऱ्यांना त्या रात्री फार मागणी असते. आणि जाताना यजमानाच्या घरी काहीतरी घेऊन जा. त्या रात्री त्यांच्या स्वयंपाकघरात चहाचं पातेलं गॅसवरून उतरत नाही.